गज्जी म्हणजे गजकर्ण नव्हे

माझ्या थोरल्या जावेने माझं पाच महिन्यांचं लेकरू माझ्या कुशीतून उचललं, ते मी मरेपर्यंत विसरणार नाही. विसरायचंच नाही मला!

त्या हिवाळ्यात माझ्या बोटांच्या बेचक्यांत खाज सुटली. अंथरुणात शिरलं की जीव नकोसा व्हायचा. माझं सासर तेलुगू मुलखात, बरकतपुऱ्यात; आमच्या वरच्या मजल्यावर म्हातारे तेलुगू डॉक्टर राहायचे. जिन्यात माझा हात बघून ते म्हणाले, "गज्जी, अम्मा."

मी नांदेडची, मला तेलुगू ओ की ठो कळत नव्हतं. सोबत जाऊबाई होत्या. भाजीवालीशी दोन वाक्यं बोलतात म्हणून केवढा तोरा! घरात येऊन त्यांनी जाहीर केलं, "हिला गजकर्ण झालंय. माहेरची घाण!" झालं. नवऱ्याने गजकर्णाचं मलम आणलं, माझं ताट वेगळं झालं, बाळ जाऊबाईंच्या खोलीत गेलं. पाजायला तेवढं आणून देत, तेही मला हातमोजे घालायला लावून.

बाई स्वतः बांगड्या वर सारून कराकरा खाजवायच्या. विचारलं तर म्हणायच्या, "घामोळं गं." ऐन थंडीत घामोळं! आपलं ते घामोळं, दुसऱ्याची ती घाण.

मलमाने काही फरक पडेना. मग बाळाच्या तळपायांवर पुरळ दिसलं. माझं डोकंच फिरलं. कुणाला न विचारता बाळाला घेऊन चिक्कडपल्लीच्या त्वचेच्या डॉक्टरांकडे गेले.

"ही खरूज. तेलुगूत हिलाच गज्जी म्हणतात," ते म्हणाले. "गजकर्ण ही बुरशी, खरूज म्हणजे किडा. बाळ कुणाजवळ झोपतं?" खाज असो-नसो, घरातल्या सगळ्यांनी एकाच दिवशी औषध लावायचं, कपडे-पांघरुणं गरम पाण्यात धुवायची, आठवड्याने पुन्हा औषध लावायचं, असं त्यांनी बजावलं.

परतले तर घरात जाऊबाईंचं संक्रांतीचं हळदीकुंकू रंगलेलं. भरल्या हॉलमध्ये मी मोठ्याने म्हणाले, "जाऊबाई, तुमचं घामोळं नाही हो, खरूज आहे. बाळालाही तुम्हीच दिलीत." बायकांचे हात कपाळाकडे गेले. कुंकवाचं बोट लागण्याइतक्या ओझरत्या स्पर्शाने खरूज लागत नाही, हे डॉक्टरांनी मला सांगितलं होतं. तेवढं मी सांगितलं नाही. बरी जिरली!

संध्याकाळी सगळ्यांनी औषध लावलं. बाळाला मी लावलं, माझ्या हाताने, हातमोज्यांशिवाय. जाऊबाई दारात आल्या. पहिल्यांदाच त्यांचा आवाज खाली आला होता. "आजच्या दिवस माझ्याजवळ झोपू दे गं. सवय झालीय त्याला."

बाळ त्यांच्याकडे झेपावून रडत होतं. मी दार लावून घेतलं.