आरशावरची खळ

विश्रांतवाडीतल्या एका बंगल्याच्या वरच्या मजल्यावर मी काही वर्षं उजेड वळवायची नोकरी केली. असं सांगितलं की नातेवाईक विचारायचे, "म्हणजे बल्ब का?" मी म्हणायचे, "हो, बल्बच." नव्वदचं दशक संपत आलं होतं. घराघरातलं एकेक पोर संगणकाच्या कंपनीत चिकटत होतं. भौतिकशास्त्रात डॉक्टरेट केलेली मुलगी रोज बसने आळंदी रस्त्याला जाऊन नेमकं काय करते, हे समजून घ्यायची कोणालाच निकड नव्हती.

करत होतो ते असं. टेलिफोनवरचं बोलणं उजेडाच्या रूपात काचेच्या केसाएवढ्या तंतूंमधून धावतं. या तंतूतला उजेड त्या तंतूत वळवायचा तर मध्ये एक पेटी लागते. आमच्या पेटीत तांदळाच्या दाण्याएवढा आरसा होता. तो पुढे सरकला की उजेड वळायचा, मागे गेला की सरळ जायचा. अडचण एवढीच, की वळताना थोडा उजेड शेजारच्या तंतूत सांडायचा. याला क्रॉसटॉक म्हणतात. दिल्लीच्या ज्या कार्यालयाला पेट्या हव्या होत्या त्यांची अट होती, की सोडलेल्या उजेडातला लाखातला एक भागसुद्धा शेजारी दिसता कामा नये. आमच्याकडे तो दिसत होता, आणि चांगला भरघोस दिसत होता.

कंपनी सरांची. सर निवृत्त शास्त्रज्ञ. जगातल्या कोणाशीही, कुठल्याही विषयावर, जेवण बाजूला ठेवून वाद घालायला तयार. फक्त बायकोशी नाही. त्या आमच्या काकू. खालचा मजला काकूंचा आणि वरचा विज्ञानाचा, अशी वाटणी होती. सरांनी आम्हाला स्वच्छ सांगून ठेवलं होतं: दिल्लीची मंडळी येतील तेव्हा पेटी कसोटीला उतरली तर कंपनी चालेल, नाहीतर वरचा मजला दहावीच्या क्लासला भाड्याने जाईल. क्लासवाला येऊन खोल्यांची लांबीरुंदीसुद्धा मोजून गेला होता. हे काम शहरात दुसरीकडे कुठे मला मिळणार नव्हतं. क्लास आला की मी बँकांच्या प्रोग्रॅममधल्या चुका शोधत बसणार, हे ठरलेलं होतं. मला ते नको होतं. मला तो दाण्याएवढा आरसा हवा होता.

आरसा म्हटला की स्वच्छता आली, आणि स्वच्छता म्हटली की सरांना स्फुरण चढायचं. प्रयोगशाळेच्या दारावर त्यांनी स्वहस्ते रंगवलेली पाटी होती: 'आत बोलू नये. शिंकू नये. शक्यतो येऊच नये.' चपला बाहेर, अंगात पांढरा कोट, केसांवर टोपी. "परदेशात याला क्लीन रूम म्हणतात," सर सांगायचे, "आपल्याकडे सोवळं म्हणतात. आपल्याला त्यात नवीन काय?"

आरसा पुसायला परदेशी कागदी रुमाल मिळतात. त्यांचा धागा सुटत नाही. असं एक पाकीट सरांना कोणीतरी भेट दिलं होतं आणि चांगली वस्तू आपल्याकडे जिथे जाते तिथे ते गेलं होतं, म्हणजे कपाटात, पाहुणे येतील तेव्हासाठी. रोजच्याला सरांच्या वडिलांची जुनी धोतरं होती. काकूंनी त्यांचे वीतभर चौकोन कापून कडा शिवून दिल्या होत्या. दर शनिवारी मळलेले चौकोन खाली जायचे आणि सोमवारी धुऊन, घडी घालून वर यायचे. पांढरेशुभ्र आणि कडक. इतके कडक, की वापरण्याआधी आम्ही ते तळहातांत चोळून जरा मऊ करून घ्यायचो. कडक आहेत म्हणजे काय आहेत, हा प्रश्न एकालाही पडला नाही. आम्ही सगळे अशाच घरांत वाढलेलो. कडक कापड म्हणजे स्वच्छ कापड, हे पाढ्यांच्याही आधी शिकलेलो.

उजेड सांडतो कसा, हे शोधायला सरांनी पेठेतले एक निवृत्त प्राध्यापक सल्लागार म्हणून नेमले. ते सकाळी स्कूटरवरून यायचे, खाली काकूंचे पोहे खायचे आणि वर येऊन फळा भरायचे. पहिल्यांदा त्यांनी पेटी आतून काळी रंगवायला सांगितली, म्हणजे भरकटलेला उजेड भिंतीत जिरेल. मग दोन तंतूंच्या मध्ये बारीक फटीचा पडदा लावायला सांगितला. मग आरसा किंचित तिरका करायला सांगितला. तिन्ही उपाय पुस्तकात दिलेले आणि तिन्ही बरोबर. प्रत्येक वेळी आम्ही पेटी उघडायचो, सांगितलं ते करायचो आणि बंद करण्याआधी आरसा चांगला निगुतीने पुसायचो. प्रत्येक वेळी सांडणारा उजेड आणखी वाढायचा. मी तर वेडी व्हायची बाकी होते. प्राध्यापक म्हणायचे, "रंजक आहे, फार रंजक आहे." त्यांना घाई नव्हती. पोहे उत्तम असत.

मग काकू भाचीच्या लग्नाला लोणी काळभोरला गेल्या आणि त्या आठवड्यात चौकोन संपले. सर बाहेर गेलेले. मी वैतागून कपाट उघडलं, पाहुण्यांचं पाकीट फोडलं आणि एका परदेशी रुमालाने आरसा पुसला. शेजारच्या तंतूतला उजेड असा उतरला, की यंत्र बंद पडलं असं मला वाटलं. काकू परतल्यावर मी धुतलेल्या चौकोनाने तोच आरसा पुन्हा पुसला. उजेड पुन्हा सांडायला लागला. तेव्हा कुठे मी तो चौकोन सूक्ष्मदर्शकाखाली धरला. धाग्याधाग्यावर बारीक कण चमकत होते. साबुदाण्याची खळ! कापड चोळलं की ते कण सुटायचे, आरशावर बसायचे आणि उजेड चहूकडे उधळायचे. काखेत कळसा आणि आम्ही काळा रंग देत बसलो होतो.

सरांना दाखवलं. त्यांनी बराच वेळ डोळा भिंगाला लावून ठेवला. मग दार ओढून घेतलं आणि हळू आवाजात म्हणाले, "हे खाली बोलायचं नाही."

"अहो सर, खळ घालू नका एवढंच तर सांगायचंय."

"तुझं लग्न झालेलं नाही," सर म्हणाले. "तिच्या धुण्याला आजवर कोणी नाव ठेवलेलं नाही. कंपनीत तिचं म्हणून तेवढंच एक काम आहे. वाईट वाटेल तिला."

मग आम्ही एक व्यवस्था लावली. मुंबईहून परदेशी रुमाल मागवले. स्वच्छ चौकोन मळवून दर शनिवारी खाली पाठवायचे, हे काम सरांनी स्वतःकडे घेतलं. ते टेबलावरची धूळ त्या चौकोनांनी पुसायचे. सोमवारी धुऊन आलेली घडी दोन्ही हातांनी घ्यायचे, "वा!" म्हणायचे आणि कपाटात ठेवायचे. या कौतुकाने काकूंना हुरूप आला आणि त्यांनी खळ जरा दाट केली. घरचं माणूस दुखावू नये म्हणून विज्ञानाची माणसं किती कष्ट घेतात, ते मी रोज बघत होते.

दिल्लीहून साहेब आले. आम्ही पेटी जोडली, मी उजेड सोडला. शेजारच्या तंतूत लाखातला एक भाग तर नाहीच, त्याच्याही कितीतरी खाली. माझे डोळे भरून आले. ते दिसू नये म्हणून मी उगाच वायर तपासत बसले.

तेवढ्यात काकू चहा घेऊन वर आल्या. ठेवणीतलं लुगडं नेसलेल्या, चपला बाहेर काढून. साहेबांनी स्वच्छतेची तारीफ केली. काकू खुलल्या. "आरसा पोंछने का कपडा मैं खुद धोती हूँ," त्या म्हणाल्या आणि पदराखालून ताज्या चौकोनांची घडी काढून समोर धरली.

साहेब भलतेच खूश झाले. परदेशी रुमालांची गरज नाही, घरचं सुती कापड चालतं, हे तर आपण कागदावर आणलं पाहिजे, असं ते म्हणाले. आपल्यासमोर पेटी उघडा, या कापडाने आरसा पुसा आणि पुन्हा मोजा, असंही त्यांनी सांगितलं.

मी सरांकडे पाहिलं. कोणाशीही वाद घालणारे आमचे सर छताकडे बघत होते. पुसलं तर पेटी नापास, मग क्लास, मग बँकांच्या चुका. नाही पुसलं तर काकू, चारचौघांत, ठेवणीतल्या लुगड्यात. मला सरांचा असा राग आला की काय सांगू. पाहुण्यांना कळू नये म्हणून मी मराठीत बोलले. "काकू, यात खळ आहे. तिचे कण आरशावर बसतात. याने पुसलं तर पेटी नापास होईल. आम्ही हे कापड कधीच बंद केलंय, परदेशी कागदी रुमाल वापरतो."

काकूंनी माझ्याकडे बघितलंच नाही. त्या सरांना म्हणाल्या, "तुम्हाला माहीत होतं?"

"तुला वाईट वाटेल म्हणून..."

"खळ नको, एवढं सांगितलं असतं तर नसती घातली. मग दर रविवारी उन्हात वाळत काय घालत होते मी?"

मग काकू साहेबांकडे वळल्या आणि शांतपणे म्हणाल्या, "ये कपडा मत लीजिए, इसमें स्टार्च है. इनका कागज का रुमाल ही अच्छा है." साहेबांनी मान डोलावली. पेटी पास झाली. पेट्यांची मागणी आली, क्लासवाल्याला सरांनी नकार कळवला, माझी नोकरी राहिली. पण ते सगळं नंतरचं.

त्या वेळी काकूंनी फक्त कपाट उघडलं. आत त्यांच्या घड्या एकावर एक, न वापरता रचलेल्या होत्या. मग वरची घडी काढून त्यांनी टेबलावर एकेक चौकोन पसरला आणि त्यावर एकेक बशी ठेवली, आधी साहेबांची, मग सरांची, मग माझी.

"इथे चालते ना खळ?" त्यांनी विचारलं.

मी कप उचलला. चहा संपला तरी कप परत त्या चौकोनावरच्या बशीत ठेवायचा मला धीर झाला नाही.