अब्बांनी साफ केलेला मासा

मी कॉलेजात तासिका तत्त्वावर भूगर्भशास्त्र शिकवते. म्हणजे दर जूनला नव्या नेमणुकीसाठी विभागप्रमुख साहेबांच्या मर्जीकडं डोळे लावून बसायचं. आता या सगळ्याचा वीट आलाय, पण सांगणार कुणाला.

अब्बांचं फर्दापूरला दगडांचं दुकान होतं. आपल्याकडच्या काळ्या खडकात सापडणारे चमकते स्फटिक ते लेणी बघायला आलेल्यांना विकायचे. डोळ्यांत मोतीबिंदू उतरल्यावर दुकान बंद केलं आणि शहरात माझ्याकडं राहायला आले, ते ॲसिडचा टब बरोबर घेऊनच. खाणीतल्या स्फटिकांवर चुन्याचा थर असतो. पातळ ॲसिडात दगड बुडवला की तो थर निघून जातो. आमच्या घरात दगड आला की आधी टबात, मग बाकीचं. पाहुण्याला पाणी विचारतात तसं.

मी काय शिकवते हे त्यांनी कधी विचारलं नव्हतं. दगड विकायचे सोडून दगडांवर नुसतं बोलायचा पगार घेते, याचं त्यांना हसू यायचं. एक दिवस चहा पिताना म्हणाले, "तुझ्या कॉलेजातला एखादा दगड दाखव की." मला इतकं बरं वाटलं, की साहेबांच्या हातापाया पडून लेप्टोलेपिसचा जीवाश्म घरी आणला. डायनासोरांच्या काळातला हा समुद्रातला मासा, बोटाएवढा. त्याची जात केव्हाच संपली. परदेशी चुनखडीच्या पाटीवर त्याचा तपकिरी सांगाडा उमटला होता, काटा न् काटा दिसायचा. विभागात तेवढा एकच होता. "यात मासा आहे, अब्बा. संध्याकाळी निवांत दाखवते," एवढं बोलून मी तासाला पळाले.

परत आले तर अब्बा गॅलरीत बसलेले, मांडीवर पाटी. बरीच झिजलेली, पांढरीशुभ्र, कोरी. चुनखडीच ती, ॲसिडात काय राहणार.

"लई मळ होता," ते म्हणाले. "फसफस थांबता थांबंना. म्हटलं, पोरीचा मासा नीट दिसू दे. आता दाखव."

राग लई आला, पण तो काढायचंही त्राण नव्हतं. दिवसभर वाट बघितलेला माणूस माझ्याकडं तोंड वर करून बसला होता. मी शेजारी टेकले, त्यांचं बोट धरलं आणि कोऱ्या दगडावरून फिरवलं. इथं डोकं, हा कणा, इथं शेपटी.

"हौ बेटा, लगा हात को," ते म्हणाले. हाताला लागला म्हणे. जीव हळवा झाला की ते दखनीवर येतात.

मग त्यांनी पाटी फडक्यात जपून गुंडाळली आणि माझ्या हातात दिली. "सायबाला सांग, माझ्या बापानं साफ करून दिला. खूश होईल बघ. जूनचं तुझं काम पक्कं."

"व्हय," मी म्हणाले, आणि ती पिशवीत ठेवली.