दोरीवरच्या तीन गाठी

माझे बाबा मालवाहू बोटीवर खलाशी होते. एकदा निघाले की दोन-दोन वर्षं घरी येणं नसे. निघायच्या आदल्या दिवशी त्यांचा एक कार्यक्रम ठरलेला. आम्हां तिघी बहिणींना पडवीच्या खांबाला पाठ लावून उभं करायचं, जाळं विणायच्या बारीक दोरीचं एक टोक टाचेखाली धरायचं, दोरी ताणून डोक्यापर्यंत न्यायची आणि तिथे गाठ मारायची. तीन मुली, तीन गाठी. सगळ्यांत वरची गाठ माझी, कारण मी थोरली. मला एक खोड होती. उभी राहिले की डाव्या पायाचा अंगठा उजव्या पायावर ठेवायची. बाबा दर वेळी ओरडायचे, "पाय सरळ ठेव गो, नायतर गाठ चुकात." माझ्या गाठीच्या वर दोन बोटं सोडून ते दोरी कापत आणि गुंडाळी पेटीत टाकत. मग परमुलखातल्या कुठल्याशा बंदरात ती दोरी शिंप्यापुढे ठेवली की झालं, भाषा येत नसली तरी अडायचं नाही. या दोरीचा मला भारी तोरा होता. वर्गातल्या मुलींचे वडील मुंबईला गिरणीत होते, त्यांना नुसते कापडाचे तुकडे यायचे. मला शिवलेला फ्रॉक यायचा.

मी बारा वर्षांची होते त्या वर्षी शिमग्याला बाबांच्या बोटीवरचा एक गाववाला रजेवर आला आणि त्याने दोरीने करकचून बांधलेलं एक गाठोडं आमच्या पडवीत आणून ठेवलं. सोबत पत्र. आईला वाचता येत नसे, त्यामुळे घरचा सगळा पत्रव्यवहार माझ्याकडे होता आणि तो अधिकार मी पुरेपूर गाजवत असे. बाबा बोलायचे मालवणी, पण पत्र लिहायला बसले की शाळामास्तर व्हायचे. त्यांनी लिहिलं होतं, 'सोबतचे कपडे घालून मालवणास जाऊन सर्वांचा एक फोटो काढावा व त्वरित पाठवावा. या खेपेस रजा लांबली आहे, चिरंजीवास अद्याप पाहिले नाही, सबब जीव तिकडे लागून राहिला आहे.' चिरंजीव म्हणजे आमचा भाऊ. बाबा गेल्यावर पाच महिन्यांनी तो जन्मला होता आणि एव्हाना अंगणभर कोंबड्यांच्या मागे धावत होता.

फोटो म्हटल्यावर माझे पाय जमिनीवर राहिनात. आमच्या घरात तोवर एकही फोटो नव्हता, देवांच्या तसबिरी तेवढ्या होत्या. मी शेजारी धावत जाऊन काकीला सांगितलं. काकी म्हणजे बाबांच्या थोरल्या भावाची बायको, आणि तिला सांगितलं की वाडीभर दवंडी पिटायची गरज उरत नसे. पाच मिनिटांत आमची पडवी बायकांनी भरली आणि गाठोडं सगळ्यांसमोर सुटलं. पांढऱ्या कॉलरचा एक निळा फ्रॉक, फुलाफुलांचा एक पिवळा, झालर लावलेला एक लाल. आईसाठी वाऱ्यावर उडेल इतकी हलकी जांभळ्या ठिपक्यांची साडी. भावासाठी लोकरीची टोपी. तीही शहाळ्यावर बसणार नाही इतकी चिमुकली, कारण बाबांच्या मनात तो अजून तान्हाच होता. टोपी बघून सगळ्या बायका हसल्या. मीही हसले. थोड्याच वेळात माझीही तीच गत होणार आहे हे मला कुठे ठाऊक होतं.

निळा फ्रॉक माझा, हे सांगायलाच नको होतं. मी आत जाऊन तो डोक्यातून घातला आणि दोन्ही हात वर असतानाच अडकले. खाली येईना, वर जाईना. काकीने मला सोलून बाहेर काढलं. मधली पिवळ्यात शिरली, तर पाठीवरचं एकही बटण लागेना. धाकटीला लाल फ्रॉक बेंबीपर्यंत आला. शिंप्याने काही चूक केली नव्हती. त्याने गाठी पाहून इंचाइंचाने बरोबर शिवलं होतं. एरवी फ्रॉक दोन-चार महिन्यांतच यायचे; या खेपेला गाठी होत्या तिथेच राहिल्या होत्या आणि दोन वर्षांत आम्ही वाढलो होतो. बाबांच्या ते लक्षातच आलं नव्हतं.

मी रडून गोंधळ घातला. काकीने तोडगा सुचवला की गावातल्या शिंप्याकडून नवे फ्रॉक शिवून घ्यावेत, फोटोत काय कळणार आहे. आई ऐकेना. ती एरवी फारशी हट्टी नव्हती, पण त्या दिवशी अडून बसली. "कपडे तेंनी धाडलेले आसत. ते पोरांच्या आंगावर तेंका दिसाक होयेत," ती म्हणाली.

मग आठ दिवस आमच्या घरात दुसरा विषय नव्हता. दुपारची भांडी झाली की बायका येत, कपडे चटईवर मांडले जात आणि प्रत्येकजण आपली अक्कल पाजळत असे. शिवण उसवून बघा, खाली पट्टी जोडा, पाठ उघडी ठेवा, फोटो काय समोरूनच काढतात. आम्ही बहिणी दिवसातून चारदा कपडे घालत होतो आणि काढत होतो, आणि रडण्याचा भर ओसरल्यावर मला त्यात भयंकर मजा यायला लागली होती. शेवटी आईनेच युक्ती काढली. प्रत्येक कपडा एकेक पायरी खाली उतरवायचा. माझा निळा मधलीला झकास बसला. मधलीचा पिवळा धाकटीला जरा ढगळ झाला, पण चालला. राहिला लाल, तो आईने उचलून भावाला चढवला. त्याच्या पावलांपर्यंत आला आणि तो झालर धरून नाचू लागला.

काकीने नाक मुरडलं. "झिलाक फ्रॉक? लोक काय म्हणतले?"

"फोटो लोकांका नाय, तेंका जातलो," आई म्हणाली.

सगळ्यांची सोय झाली आणि मग माझ्या ध्यानात आलं की उरले ती मीच. माझ्या वरच्या मापाचं गाठोड्यात काहीच नव्हतं. बाबा फोटो बघणार, त्यांचे कपडे घातलेली तीन पोरं बघणार, आणि कडेला शाळेच्या परकर-पोलक्यातली मी. मी सांगून टाकलं की मी फोटोला येणार नाही. मला खरोखरच ते सहन होत नव्हतं. दोरीवरची वरची गाठ माझी होती.

आई आत गेली आणि जांभळ्या ठिपक्यांची साडी आणून माझ्या मांडीवर ठेवली. "ही गोल साडी माका नेसूक जमाची नाय. तू नेस."

आई जन्मभर नऊवारी नेसलेली, तेव्हा बोलणं खरंच वाटण्यासारखं होतं. पण आदल्याच दुपारी पडवीत कुणी नसताना ती साडी खांद्यावर टाकून आरशासमोर उभी असलेली मी पाहिली होती. ते मी सोयीस्करपणे विसरले. बारा वर्षांच्या मुलीला साडी मिळाल्यावर काय होतं ते मी सांगू शकत नाही, मला आभाळ ठेंगणं झालं एवढंच आठवतं. काकीचं पोलकं आतून टाके घालून माझ्या मापाचं झालं. शाळेतल्या बाई तेवढ्या गोल साडी नेसायच्या, त्यांनी घरी येऊन निऱ्या शिकवल्या. तीन दिवस मी पडवीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालण्याचा सराव केला आणि चार वेळा पडले.

जायच्या दिवशी केसांत सुरंगीचे वळेसर माळून आम्ही निघालो. रस्त्याच्या तांबड्या धुळीने कपडे खराब होऊ नयेत म्हणून ते एका चादरीत बांधून आईने डोक्यावर घेतले होते. तरीने खाडी ओलांडली, मसुऱ्याला एसटी धरली. गाडीत भेटेल त्याला धाकटी सांगत होती की आम्ही फोटो काढायला चाललो आहोत. मालवणात पोचलो तर फोटोवाल्याने आम्हाला पडद्यामागे कपडे बदलायला पाठवलं आणि बाहेर येताच मोठ्या हौसेने पाठीमागचा पडदा सोडला. त्यावर भलीमोठी बोट रंगवलेली होती. खलाशाच्या घरची माणसं म्हणून त्याने मुद्दाम निवडली होती. आई तात्काळ म्हणाली, "बोट नको. तेंका रोज बोटच दिसता." मग दुसरा पडदा आला, बागेचा. आई भावाला मांडीवर घेऊन खुर्चीत बसली, तिच्या अंगावर तिची नेहमीची हिरवी नऊवारी. बहिणी दोन बाजूंना. मी उंच म्हणून खुर्चीच्या कडेला, जरा मागे. निऱ्या घाईत वर खोचल्या गेल्यामुळे माझी पावलं उघडी पडली होती. फोटोवाला काळ्या कपड्यात डोकं घालून म्हणाला, "साडीवाली, पाय सरळ ठेव." मी ठेवला. पण तो तीन म्हणेपर्यंत अंगठा परत दुसऱ्या पायावर गेला असणार.

फोटो हाती आला तेव्हा मी तो तासभर सोडला नाही. तोंडाला थापलेल्या पावडरीने आम्ही सगळी सारखीच पांढरीफटक दिसत होतो, पण मी मोठी बाई दिसत होते. आणि तिथेच माझ्या डोक्यात किडा वळवळला. बाबांना मी न सांगता ओळखू येते का, हे मला बघायचं होतं. आईने मजकूर सांगितला, 'निळा मधलीक, पिवळा धाकटीक, लाल झिलाक आणि साडी थोरलेक असा लिही.' मी मान डोलावली आणि त्यातलं एक अक्षरही लिहिलं नाही. 'फोटो पाठवला आहे, ओळखा पाहू' एवढंच लिहिलं आणि पाकीट हवाई टपालात टाकलं. पुढचा दीड महिना मी रोज पोस्टमनची वाट अडवत होते. बाबा मला ओळखतील तेव्हा काय लिहितील, त्याची वाक्यं मनात पाठ करत होते.

उत्तर आलं ते पाकीट जाड लागलं. आई, काकी, सगळ्या जमल्या. मी ऐटीत वाचायला लागले.

'फोटो पोचला. तिन्ही मुली आपापल्या फ्रॉकात गोजिऱ्या दिसतात. परंतु चिरंजीव फोटोत नाही. त्याचे काय झाले ते कळवावे. काही वाईट असल्यास लपवू नये. तसेच माझी साडी नेसून मागे उभी असलेली बाई कोण ते ओळखू आले नाही.'

तीन फ्रॉक पाठवले होते, तीन फ्रॉक दिसले, म्हणजे तिन्ही मुली झाल्या, असा बाबांनी हिशोब लावला होता. आईच्या तोंडचं पाणी पळालं. "तू लिवला नाय?" तिने विचारलं. मी मान खाली घातली. हजारो मैलांवर बाबा मुलगा गेला असं समजून बसले होते, आणि ते माझ्यामुळे. शिवाय मी त्यांना ओळखूही आले नव्हते. दोन्हींतलं मला जास्त कशाचं रडू आलं ते सांगायची आजही लाज वाटते.

"मागे काय आसा ता वाच," आई म्हणाली.

कागदाच्या पाठीवर वेगळ्या शाईत लिहिलं होतं. 'दोन दिवस झोप नाही. आज फोटो पुन्हा उजेडात धरून पाहिला. साडीवालीचे पाय पाहिले. अंगठा दुसऱ्या पायावर. मग सर्व उलगडा झाला. लाल फ्रॉकातला गडी चिरंजीव आहे, त्याचे नाक माझे आहे. बोटीवर सर्वांस फोटो दाखवला, त्यांनी पुष्कळ थट्टा केली. मापे चुकली, माझीच चूक. दोरी परत धाडीत आहे. नव्याने गाठी मारून पाठवाव्या.'

आईचा जीव भांड्यात पडला. काकी हसायला लागली. माझ्या आनंदाला तर सीमा राहिली नाही, बाबांनी मला ओळखलं होतं. तळाला एक ओळ उरली होती, तीही मी त्याच जोरात वाचली. तेवढीच त्यांनी मालवणीत लिहिली होती, माझ्याविषयी. 'थोरल्या चेडवाक आता दोरयेत घेव नकात. साडयेक माप लागणा नाय.'

पाकिटातून दोरी पडली. आईने लगेच आधी भावाला, मग बहिणींना खांबाशी उभं करून माप घेतलं. जुन्या गाठी सोडून तिने नव्या मारल्या. मी उंबऱ्यावर बसून पाहत होते. साडी मिळाली तेव्हा मी हवेत होते, आणि आता मला ती नको झाली होती. मला खांबाशी उभं राहायचं होतं.

"ये हय," आई म्हणाली.

"बाबांनी नको म्हणान लिवला हा."

"लिवंदे. तू अजून वाढतंस."

मी पाठ लावून उभी राहिले आणि कुणी न सांगता पाय सरळ ठेवले. आईने टोक टाचेखाली धरलं, दोरी वर नेली, पण ती माझ्या भुवईपाशीच संपली. बाबांनी दोन वर्षांपूर्वी ती जिथे कापली होती तिथपर्यंतच होती. आईने क्षणभर ते टोक तसंच धरून ठेवलं. मग खुंटीवरून गाठोडं बांधून आलेल्या दोरीचा तुकडा काढला, तो जुन्या टोकाला जोडला, आणि माझ्या डोक्यापाशी गाठ मारली.