केसरबाईचा कायदा

उसाची ट्रॉली उलटली तेव्हा केसरबाई मोळ्यांवर बसली होती. बाकीचे बाजूला फेकले गेले, ती ट्रॉलीखाली आली. उजवा पाय गुडघ्याखाली चेंगरला आणि अंबाजोगाईच्या दवाखान्यात काढून टाकावा लागला. कारखाना म्हणाला, बाई टोळी आणणाऱ्या मुकादमाची. मुकादम म्हणाला, मी कारखान्याचा. ती नक्की कुणाची, याचं उत्तर कुठल्याच कायद्यात नव्हतं.

एका कोयत्याला दोन माणसं लागतात, एक तोडायला, दुसरं मोळ्या बांधायला. दसरा झाल्यावर नवऱ्याबरोबर, बंकटबरोबर, जाणारं दुसरं माणूस आता उरलं नाही. त्यानं सातवीतल्या लेकीला, कावेरीला, शाळेतून काढलं आणि टोळीत नेलं. युसूफ वडगावच्या वस्तीवर केसरबाई कुबडी घेऊन एकटी राहिली.

आमदार सुंदरराव तेव्हा विरोधी पक्षात होते. ते घरी आले, बाजेवर बसले, बिनदुधाचा चहा प्याले. म्हणाले, "ऊसतोड्यांसाठी कायदा आनतो मी. तोडीत कुनाला काय झालं तर कारखान्यानं बघायचं. तुमी फकस्त नागपूरला चला. सरकारला दिसू द्या."

केसरबाईला तो माणूस खरा वाटला. कदाचित तेव्हा तो खराच होता.

त्र्याण्णवच्या हिवाळ्यात जीपनं तिला नागपूरला नेलं. प्रेक्षकांच्या सज्जात कुबडी चालत नाही, वरून कुणी फेकली तर, असं शिपाई म्हणाला. तिथल्या दोन पोलीस बायांनी काखेत धरून तिला बाकावर बसवलं. खाली एवढी माणसं एकाच वेळी बोलत होती की तिला टोळीतल्या भांडणाची आठवण झाली. सुंदररावांचं विधेयक पुकारायच्या आधीच कुण्या मंत्र्याच्या बोलण्यावरून गोंधळ उठला. विरोधी पक्ष धावत पुढच्या मोकळ्या जागेत उतरला. त्यात सुंदररावही होते, हात वर करून ओरडत. सभागृह दिवसभरासाठी बंद झालं.

बाहेर आल्यावर तिनं विचारलं, "भाऊ, तुमीच उठलाव ना? मग आपला कागद कसा निघंल?"

"पक्षाचा आदेश व्हता, केसरबाई. पुढच्या बारीला बघू."

पंचाण्णवला सरकार पालटलं. सुंदरराव सत्तेत गेले, राज्यमंत्री झाले. केसरबाईनं गल्लीत गूळ वाटला. आता अडवणारं कोण होतं? ती वाट बघत राहिली. एक अधिवेशन गेलं, दुसरं गेलं. मग एक दिवस दारात गाडी थांबली ती सुंदररावांची नव्हती. राधाकिशन नावाचे आमदार आले होते. त्यांचा पक्ष आता विरोधात बसला होता. ऊसतोड्यांचा कायदा आपण मांडणार, असं ते म्हणाले.

बंकट म्हणाला, "जाऊ नगंस. भाऊला काय वाटंल?"

"कुनी बी आनू दे," ती म्हणाली, आणि गेली.

या वेळी विधेयक पुकारलं गेलं. राधाकिशन बोलले. त्यांनी सज्जाकडे बोट दाखवलं तेव्हा सगळ्यांनी माना वर केल्या आणि केसरबाईनं पदर पुढं ओढला. मग सरकारच्या बाजूनं उत्तर द्यायला सुंदरराव उभे राहिले. विधेयकात त्रुटी आहेत, सरकार स्वतःच सर्वंकष कायदा आणणार आहे, सदस्यांनी हे मागे घ्यावं. राधाकिशन मागे घेईनात. मत मागितलं गेलं. एका बाजूनं "होय" आलं, दुसऱ्या बाजूनं त्याहून मोठं "नाही". त्या "नाही"त सुंदररावांचा आवाज तिला वेगळा ओळखू आला.

व्हरांड्यात ते समोरच आले. क्षणभर थबकले. "तुमी त्यांच्याबरूबर आलाव?"

"भाऊ, कागद त्योच व्हता का तुमचा?"

त्यांनी इकडंतिकडं पाहिलं. "त्योच. पन त्यो आज पास झाला असता तर नाव त्यांचं झालं असतं. निवडनुकीत तेच घिऊन फिरले असते."

"नाव कुनाचं का हुईना. पाय तर माजा गेलाय."

सुंदररावांना माणसांनी घेरलं, ते पुढं गेले. सरकारचा सर्वंकष कायदा काही आला नाही.

नव्याण्णवला सरकार पुन्हा पालटलं. राधाकिशन सत्तेत गेले, आणि वस्तीकडं यायचे थांबले. वर्षभरानं सुंदररावांचा माणूस दारात उभा राहिला. भाऊंनी पुन्हा विधेयक तयार केलंय, नागपूरला चला.

"म्या न्हाई येनार," केसरबाई म्हणाली.

"कावून?"

तिनं कुबडी उचलली आणि आत गेली. वस्तीला ते आवडलं नाही. सुंदररावांनी वस्तीला रस्ता कबूल केला होता. पाण्यावर बाया तिच्याशी बोलेनाशा झाल्या. बंकटही बरेच दिवस तुटक वागला, मग टोळीबरोबर निघून गेला. आता कावेरीही तिच्या नवऱ्याबरोबर तोडीला जात होती. तिचं लेकरू केसरबाईपाशी होतं.

हिवाळ्यात किराणा दुकानदार योगीराज स्वाम्यांनी पेपरातला फोटो दाखवला. सुंदररावांशेजारी एक तरुण बाई उभी होती, तिचा डावा हात मनगटापासून नव्हता. चौसाळ्याची गंगासागर, स्वाम्यांनी वाचून सांगितलं. विधेयक निघालं का, केसरबाईनं विचारलं. न्हाई, गोंधळ झाला, ते म्हणाले.

दोन दिवस तिला चैन पडली नाही. मग नातवाला काखेत मारून ती एसटीत बसली, मांजरसुंब्याला गाडी बदलली, विचारत विचारत गंगासागरचं घर गाठलं. आपल्या बाबतीत काय काय झालं ते सगळं या पोरीला सांगायचं, असं ठरवून आली होती.

गंगासागरनं एका हातानं ज्वारी पाखडता पाखडता सूप बाजूला ठेवलं, पाणी दिलं. कुबडीकडं पाहून तिला सगळं कळलं. "मावशी, तुमचं बी तोडीतच का?" मग हसून म्हणाली, "आता काळजी न्हाई. भाऊ म्हनलेत, येत्या बारीला पास हुतंय. माज्या पोराचं बी भागंल त्यात."

तिचं तोंड उजळलं होतं. केसरबाईनं पाणी पिलं. भांडं खाली ठेवलं.

"हुईल बाई," ती म्हणाली.

मग दोघी ज्वारीच्या भावाबद्दल, चौसाळ्याच्या बाजाराबद्दल बोलल्या. उन्हं कलायच्या आत केसरबाई परत निघाली.