सुबाभळीपलीकडचं घर

हे गेल्यावर मी मळ्यातल्या घरात एकटीच राहते. जमीन पडीक नको म्हणून वीजप्रकल्पाला लागणाऱ्या जळणासाठी सुबाभूळ लावली. ती अशी भराभर वाढली, की पलीकडचं सुमनवहिनींचं घर दिसेनासं झालं. रस्त्याने वळसा मोठा, दोघींचे गुडघे दुखरे, जाणंयेणं थांबलं.

पंधरवड्यापूर्वी तोडणी झाली आणि समोरच्या अंगणात वहिनी दिसल्या.

"किती वाळलात हो!" त्या ओरडल्या.

"तुम्हीसुद्धा!"

बांधावर बसून आम्ही चहा प्यायलो. माणूस दूर न जाताही किती सहज दृष्टीआड होतं!

आज खुंटांना कोवळे फुटवे दिसले. वहिनी म्हणाल्या, "आता पुढच्या तोडणीलाच भेट."

मी खाली वाकले आणि दोन घरांमधल्या वाटेपुरते फुटवे खुडू लागले.