बाहेरचा बंदोबस्त

आमच्या ऑफिसात मला 'स्टँडर्डवाली मॅडम' म्हणतात. तोंडावर 'मॅडम जी', पाठीमागे आणखी काय म्हणत असतील ते त्यांचं त्यांना ठाऊक. चंदीगडच्या आयटी पार्कात मी एवढी वर्षं काढली, पण कुणाला आवडेल असं काम एक दिवस केलं नाही. दुसऱ्यांनी लिहिलेलं सॉफ्टवेअर जगाने ठरवलेल्या नियमांत बसतंय का ते बघायचं आणि बसत नसेल तर अडवून धरायचं, हे माझं काम. लग्नाच्या पंगतीत 'आमटीत मीठ नाही' असं मोठ्याने म्हणणारी बाई कुणाला आवडते? पण कुणीतरी म्हणायला हवंच ना.

मी सांगलीची. हे एअर फोर्समध्ये होते, विमानांच्या इंजिनांवर. ह्यांच्या बदलीबरोबर इकडे आले, सेक्टर बावीसमध्ये भाड्याच्या दोन खोल्यांत संसार मांडला आणि रिकामं बसवेना म्हणून नोकरी धरली. पुढे हे रिटायर झाले, मुलगी इथल्या शाळेत रुळलेली, मग आम्ही मोहालीत घर घेऊन इथलेच झालो.

मी कामाला लागले तेव्हाचं स्टँडर्ड मुळात कारखान्यांसाठी केलेलं होतं. बोल्ट बनवणाऱ्याला आणि सॉफ्टवेअर बनवणाऱ्याला एकच माप. जे करता ते लिहा आणि जे लिहिलंय तेच करा, एवढाच त्याचा अर्थ. आम्ही लिहिलं. कपाटंच्या कपाटं भरली. ऑडिटर यायचा, चहा-समोसे खायचा, कपाटं बघून खूश होऊन जायचा. सॉफ्टवेअर नीट चालतं का, हे त्याने कधी विचारल्याचं मला आठवत नाही. मग पायऱ्यांचा जमाना आला. कंपनी कामात किती मुरलेली आहे ह्याच्या पायऱ्या, आणि सगळ्यात वरची गाठली की गेटवर बॅनर आणि सगळ्यांना लाडू. मग वारं फिरलं. कागद म्हणजे पाप, काम पटापट उरका, मीटिंग उभ्याउभ्या घ्या. स्टँडर्डंही त्या वाऱ्याला वाकली. दर नव्या आवृत्तीत 'हे करा' कमी आणि 'तुमचं तुम्ही ठरवा' जास्त. शहाण्यांच्या हातात ते ठीक असतं. पण एवढे शहाणे आणायचे कुठून?

नंतर आमच्या कंपनीने हॉस्पिटलातल्या यंत्रांची सॉफ्टवेअर करायला घेतली, आणि त्या कामाचं स्टँडर्ड मला पहिल्यांदाच मनापासून आवडलं. त्यात सॉफ्टवेअरचे तीन वर्ग होते: बिघडलं तर कुणाचं काही वाईट होणार नाही, बिघडलं तर माणसाला इजा होईल, आणि बिघडलं तर माणूस मरेल. वर्ग जितका वरचा तितकी तपासणी कडक. आणि एक गोष्ट त्यात स्वच्छ सांगितलेली होती. सॉफ्टवेअर बिघडेल की नाही ह्याची चर्चा करत बसू नका, बिघडणारच असं धरून चाला. अहाहा! मी घरी येऊन ह्यांना ते वाचून दाखवलं.

'आमच्याकडे हे पहिल्या दिवशी शिकवतात,' हे म्हणाले. 'मी नट आवळला तरी दुसरा येऊन पाना लावून बघतो, मगच सही. तुमच्या लोकांना आत्ता सुचलं होय?'

'लागून गेलं तुमचं एअर फोर्स,' मी म्हटलं आणि दोघंही हसलो.

पुढे त्या स्टँडर्डात सुधारणा झाली. सॉफ्टवेअरच्या बाहेर काही बंदोबस्त असेल, म्हणजे एखादं वेगळं यंत्र किंवा हॉस्पिटलातली कामाची पद्धत, तर तो हिशेबात धरून वर्ग खाली आणायची मुभा मिळाली. कल्पना वाईट नव्हती. पण मुभा म्हटली की आमच्या लोकांच्या तोंडाला पाणी सुटतं.

आमच्याकडे तेव्हा सिरिंज पंपाचं काम चालू होतं. सलाइनसारखं भसाभस सोडून चालत नाही असं औषध एका सिरिंजमध्ये भरतात आणि हा पंप ती अगदी सावकाश दाबत राहतो. औषध संपत आलं की पंप आधीच आवाज करून सांगतो, आणि ते सांगणारा भाग आमचा. तो गप्प राहिला तर माणूस मरू शकतो, म्हणजे सगळ्यात वरचा वर्ग. पण वरच्या वर्गाची तपासणी केली असती तर काम मुदतीत झालं नसतं. आमचा मॅनेजर तरुण, लुधियानाचा, मनाने चांगला मुलगा. त्याने बाहेरच्या बंदोबस्ताच्या रकान्यात एक ओळ लिहून आणली: नर्स सिरिंजवर नियमित लक्ष ठेवते.

'कोण नर्स?' मी विचारलं.

'कोई भी, मॅडम जी. हॉस्पिटल में नर्स तो होती ही है.'

असेल माझा हरी तर देईल खाटल्यावरी! मी सही करणार नाही म्हणून सांगितलं. त्याने हात जोडले, वर तक्रार नेली, ज्यांच्यासाठी पंप करत होतो त्या परदेशी कंपनीच्या लोकांबरोबर कॉल लावला. ते लोक म्हणाले, आमच्याकडे एवढ्या पेशंटमागे एवढ्या नर्स असतातच. असेल बाबा तुमच्याकडे! तुमच्या नर्सच्या भरवशावर आमच्या माणसांना पंप का लावता? वाद तसाच लोंबकळत राहिला, आणि त्याच आठवड्यात हे आजारी पडले.

लघवीतलं इन्फेक्शन रक्तात गेलं. ह्यांना डायबेटिस होता, त्यामुळे ते झपाट्याने पसरलं आणि रक्तदाब खाली जायला लागला. एका खासगी हॉस्पिटलात नेलं. आधी आयसीयू, मग सुधारणा दिसली म्हणून खालच्या एका वॉर्डात. रक्तदाब टिकवायचं औषध मात्र चालूच होतं, सिरिंज पंपातून. पंप आमचा नव्हता, दुसऱ्या कुठल्या तरी कंपनीचा. मी तरीही त्याच्याकडे आपल्या माहेरच्या माणसाकडे बघावं तशी बघत बसायची.

हे शुद्धीवर होते, बोलत होते. 'तुझ्या पंपाचं काय झालं?' असं मलाच विचारलं. मी म्हटलं, 'आधी तुमच्या पंपाचं बघू.' डॉक्टर म्हणाले, आता डोस हळूहळू कमी करत आणायचा, घाबरायचं कारण नाही. मी मुलीला फोन करून सांगितलं. ती गुडगावला नोकरी करते, तिला मराठी सगळं कळतं पण बोलते हिंदीतच. 'पक्का ना, मम्मा?' तिने विचारलं. मी म्हटलं, पक्का.

त्या वॉर्डात नर्स एकच होती, केरळची पोरगी, आणि खाटा भरलेल्या. पंपांचे आवाज सतत चालू. कोपर वाकलं की नळी दबते आणि पंप ओरडतो. कुणी कूस बदलली की ओरडतो. ती पोरगी धावत यायची, आवाज बंद करायची, हात सरळ करायची आणि पुढच्या खाटेकडे पळायची. आवाज बंद केला की तो थोड्या वेळाने परत येतो, तेवढ्यात तिचं दुसरं काम व्हायचं. तिला मी दोष देत नाही. तिला चार हात असते तरी पुरले नसते. दुसऱ्या दिवशी ती मला म्हणाली, 'आंटी, ये सिरिंज खतम होने लगे ना, तो मुझे आवाज़ देना.' सगळ्याच नातेवाइकांना ती हे सांगायची. मी मान डोलावली.

दुपारी मी बघितलं तर सिरिंज बरीच खाली आली होती. मी तिला सांगितलं. तिने चिठ्ठी लिहून माझ्याच हातात दिली: औषध खालून आणा. इथल्या हॉस्पिटलांतली ही रीतच. औषध लागलं की पेशंटच्या माणसाने चिठ्ठी घेऊन तळमजल्यावरच्या मेडिकलमध्ये जायचं, रांग लावायची, पैसे भरायचे आणि घेऊन वर यायचं. खाली ही गर्दी. माझा नंबर आला तर बिलच निघेना. 'सिस्टम स्लो है जी,' काउंटरवरचा म्हणाला. मी म्हटलं, बिल नंतर कर, औषध दे, माझा माणूस वर आहे. 'बिना बिल के नहीं निकलता जी, पहले कंप्यूटर में एंट्री होती है.' मी ओरडले. मागच्या लोकांनी मलाच गप्प केलं, त्यांचीही माणसं वर होती.

मी औषध घेऊन वर आले तेव्हा ह्यांच्या खाटेभोवती पडदा ओढलेला होता.

पंपाने आवाज केला होता. शेजारच्या पेशंटच्या बायकोने मला नंतर सांगितलं, चांगला ओरडत होता, सिस्टरने येऊन बंद केला, मग पलीकडच्या म्हाताऱ्याला उलटी झाली म्हणून ती तिकडे गेली. सिरिंज संपली. रक्तदाब पडला, हृदय थांबलं. त्यांनी खूप प्रयत्न केले. संध्याकाळ व्हायच्या आत हे गेले. डॉक्टर म्हणाले, 'पेशंट सीरियस तो थे ही, आंटी जी.'

लोक मला समजावतात, मनाला लावून घेऊ नका, तुम्ही खाली गेला नसता तर वगैरे विचार करू नका. मी करतच नाही! माझी काही चूक नव्हती, हे मी ठासून सांगते. मला राग येतो. अजून येतो, भांडी घासताना येतो, गाडी चालवताना येतो. तो पंप नापास झाला नाही. ठरल्या वेळी ठरला आवाज त्याने केला. कुठल्या तरी देशात, कुठल्या तरी गार खोलीत, माझ्यासारख्याच कुणीतरी त्याच्यावर सही केली असेल आणि रकान्यात लिहिलं असेल की पुढचं नर्स बघेल. नर्सने ते काम माझ्यावर टाकलं, आणि हॉस्पिटलने मला औषधाच्या रांगेत उभं केलं. सगळे आपापल्या नियमाने वागले. माझं माणूस मात्र गेलं.

तेरावा करून ऑफिसला गेले तर आमच्या पंपाची फाइल बंद झालेली होती. मी रजेवर होते म्हणून नोएडाच्या ऑफिसातल्या एकाने सही केली होती. वर्ग खाली आला होता, काम मुदतीत गेलं होतं. मी मीटिंग बोलावली आणि काय घडलं ते सगळ्यांना पहिल्यापासून सांगितलं. मॅनेजरच्या डोळ्यांत पाणी आलं, खोटं नाही बोलत. डोळे पुसून तो म्हणाला, 'मॅडम जी, पर वो पंप तो दूसरा था. और हमारा नर्सवाला कंट्रोल टेक्निकली सही है, नर्स की ड्यूटी तो है ही.'

'डोंबलाची ड्यूटी!' मी मराठीतच ओरडले. त्याला शब्द कळला नसेल, पण अर्थ पोचला. फाइल मात्र उघडली नाही.

ते स्टँडर्ड आता परत बदलायचं चाललंय. देशोदेशीच्या समित्या सूचना मागवतात. त्यांची एक पद्धत आहे: नुसती तक्रार चालत नाही. कुठल्या कलमावर हरकत आहे ते सांगायचं, आणि त्याजागी काय शब्द हवेत तेही स्वतःच लिहून द्यायचे. शब्द दिले नाहीत तर तुमची सूचना कुणी वाचत नाही. माझ्याकडे सांगण्यासारखं इतकं होतं आणि शब्द एकही नव्हता. सुट्टीचे कित्येक दिवस त्यावर घालवले. शेवटी एक वाक्य जमलं: त्या जागी माणूस खरोखर हजर असतो आणि त्याचे हात मोकळे असतात हे दाखवता येत नसेल, तर त्याला बंदोबस्त म्हणून धरू नये. पाठवलं. ह्यांच्याबद्दल त्यात एक अक्षर लिहिलं नाही, तसा रकानाच नसतो.

उत्तर यायला बरेच महिने गेले. तत्त्वतः मान्य, पुढच्या आवृत्तीत समाविष्ट करण्याचा विचार होईल. ऑफिसात एकदम जल्लोष. चंदीगडच्या ऑफिसातलं वाक्य आंतरराष्ट्रीय स्टँडर्डात जाणार म्हणून मॅनेजरने बर्फीचा डबा आणला, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, फोटो काढले. 'मुबारक हो, मॅडम जी!' मी एक तुकडा कागदात गुंडाळून पर्समध्ये ठेवला.

मुलीला कुणीतरी तो फोटो पाठवला असावा. घरी पोचते तोच तिचा फोन. 'मम्मा, पापा को कितना प्राउड होता ना?'

'पुढच्या आवृत्तीत घेणार आहेत, बाळ,' मी म्हटलं. 'तुझे बाबा ह्या आवृत्तीत गेले.'