अप्पांनी बेल उचलला नाही

डिक्शनरी अप्पा कधी शपथ घेत नसत. ‘देवाशपथ’ नाही, ‘आईची आण’ नाही. बाजारात भाजीवाली म्हणाली, ‘अप्पा, तुमची आण, सकाळचीच मेथी हाय,’ की ते पुढे केलेली पिशवी मागे घेत. ‘माझी आण कशाला घालतीस? मेथीची घाल. ती तुझ्याजवळ हाय,’ म्हणत. बाई हसायची. मग ते मेथी घेत.

अप्पा उदगीरचे. गळ्यात लिंग, कपाळावर भस्म, पांढरा शर्ट आणि खिशाला शाईचा कायमचा डाग. निजामाच्या राज्यात उर्दूतून शिकलेले. पोरांवर रागावले की कानडीत रागवत, समजावत मराठीत, आणि शिकवत इंग्रजी. उदगीरपासून थोड्या अंतरावरच्या आमच्या खेड्यातल्या शाळेत त्यांची सगळी नोकरी गेली होती. निवृत्ती जवळ आली होती. मी नांदेडला बी.एड. करून तिथे रुजू झालो तेव्हा त्यांनी माझं नाव विचारलं, ऐकलं, आणि पहिल्या दिवसापासून मला ‘लहान मास्तर’ म्हणायला लागले.

मधल्या सुट्टीत अप्पा भाकरी खात शब्द सांगायचे. त्यांच्याजवळ पुठ्ठा निघालेली जाड डिक्शनरी होती. तिच्यावर हात ठेवून बसत, उघडत क्वचितच. त्यांचा आवडता विषय एकच होता : इंग्रजांकडे खोट्या शपथेला किती शब्द होते आणि त्या शब्दांचं पुढे काय झालं. त्यांचे वडील बिदरच्या कचेरीत पेशकार होते. न्यायाधीशापुढे कागद ठेवता ठेवता त्यांनी खोटे साक्षीदार रोज पाहिले. ‘दरोगहलफी, म्हंजे खोटी शपथ, हा शब्द मी अलिफ-बे शिकायच्या आधी शिकलो,’ अप्पा म्हणत. ‘बाप घरी येऊन पाय धुवायचा आन् म्हणायचा, आज पुन्हा दरोगहलफी झाली. मला वाटायचं, हा कुठला तरी ताप असंल.’

‘जुन्या इंग्रजांचा आपला घरचा शब्द होता, मॅनस्वॉर्न,’ ते सांगत. ‘त्यातला मॅन म्हंजे माणूस न्हाई. पाप. पापाची शपथ घेतलेला तो मॅनस्वॉर्न. मग फ्रान्सकडून राजे आले. त्यांच्या वकिलांनी लॅटिनचा शब्द आणला, पर्जुरी. तो कचेरीत बसला. घरचा शब्द हळूहळू उत्तरेकडं डोंगरात गेला, म्हातारे तेवढे बोलायचे. फॉरस्वेअर राहिला, पण त्याचा अर्थ पातळ झाला. आज कुणी तंबाखू सोडली तरी फॉरस्वेअर म्हणतात.’

वॉरलॉकची गोष्ट ते सगळ्यात रंगवून सांगत. आज त्याचा अर्थ चेटक्या. आधी त्याचा अर्थ होता, दिलेलं वचन मोडणारा. ‘पहिल्यांदा त्याला लबाड म्हटलं. मग सैतान म्हटलं. मग चेटक्या. शेवटी पोरांच्या गोष्टीत टोपी घालून बसवला. बघा लहान मास्तर, वचन मोडणारा माणूस किती लवकर करमणुकीचा होतो.’ भूगोलाचे सर भाकरी चावत म्हणाले, ‘अप्पा, आमच्या सरपंचाला टोपी कधी घालायची?’ अप्पा म्हणाले, ‘त्याला हायच की.’

एक गोष्ट त्यांनी सांगितली ती मी नीट ऐकली आणि चुकीची धरली. इंग्लंडात पुष्कळ काळ साक्षीदाराचं खोटं बोलणं हे कोर्टाचं काम नव्हतंच, चर्चचं होतं. कोर्टानं त्याला गुन्हा म्हणायला शतकं लावली. ‘पापाला एक शब्द ठेवला आन् गुन्ह्याला दुसरा मागवला,’ अप्पा म्हणाले. मला त्यातून एवढंच समजलं की शपथा दोन असतात. एक देवापुढची आणि एक कागदावरची. आमच्याकडे सगळ्यांची समजूत तीच होती. महादेवाच्या देवळात बेलभंडारा उचलून बोललेलं कुणी मोडत नसे. कोर्टात बोललेलं सगळे मोडत, आणि संध्याकाळी पारावर सांगत.

त्या साली लातूर वेगळा जिल्हा झालेला होता आणि पाऊस नव्हता. मी अर्धापूरकडचा, केळीच्या मुलखातला. विहीर आटते म्हणजे काय हे मी इथे आल्यावर पाहिलं. गावातल्या विहिरी गेल्या. शाळेच्या विहिरीला मात्र पाणी होतं. तिच्यावर लोखंडी जाळी आणि कुलूप होतं, कारण पाणी इंजिनानं शाळेच्या संस्थेच्या अध्यक्षांच्या मोसंबीला जायचं. एक किल्ली शिपाई मारोतीकडे होती. इंजिनाच्या खोलीत खेळाचं सामान ठेवलेलं असे, म्हणून किल्ल्यांचा दुसरा जुडगा, विहिरीच्या किल्लीसकट, माझ्याकडे होता.

एका दुपारी पलीकडच्या वस्तीतल्या बाया घागरी घेऊन फाटकाशी येऊन उभ्या राहिल्या. अप्पांचा आठवीचा तास चालू होता. ते खडू ठेवून माझ्याकडे आले आणि हात पुढे केला. ‘किल्ली द्या.’

‘अप्पा, अध्यक्ष…’

‘त्येंला मी सांगतो. द्या.’

मी दिली. त्यांनी कुलूप उघडलं, जाळी सरकवली. बाया आल्या तेव्हा गर्दी झाली, पाणी सांडलं, चिखल झाला. झाडाखाली झोपलेला मारोती गडबडीनं उठून धावला आणि घसरून पडला. हात मोडला. अप्पांनीच त्याला उचलून सावलीत नेलं, स्वतःच्या उपरण्यानं हात बांधला.

चार लोकांत अध्यक्ष काही बोलले नाहीत. मग मला घरी बोलावलं. चहा दिला. माझी नोकरी अजून कायम नव्हती, ते त्यांनी काढलं नाही. मीच ते मनात घेऊन बसलो होतो. अप्पांनी कुलूप तोडलं, मारोतीनं अडवलं म्हणून त्याला ढकललं, असं मी लिहून द्यायचं होतं. मारोतीनं अंगठा दिलाच होता. मी लातूरला गेलो. नव्या कचेऱ्यांच्या पाट्यांचा रंग अजून वास मारत होता. झाडाखालच्या टायपिस्टनं विचारलं, ‘काय लिहू?’ मी सांगितलं. ‘शपथेवर लिहून देतो की’ हे त्यानं न विचारता आधीच मारलेलं होतं. सही करताना मला काही वाटलं नाही. पुढच्या रविवारी अर्धापूरला वडिलांना सांगितलं, तर ते म्हणाले, ‘बेल उचललास का? न्हाई ना? मग कागदच हाय की.’ मी जेवलो आणि झोपलो.

अप्पांना निलंबित केलं. पुढे बडतर्फ करायचं, म्हणजे इतक्या वर्षांची पेन्शन जाणार, हे सगळ्यांना कळत होतं. गावातल्या जाणत्यांनी मध्ये पडून तोड काढली. सोमवारी महादेवाच्या देवळात अप्पांनी बेलभंडारा उचलावा आणि ‘मी ढकललं नाही’ एवढं म्हणावं. अध्यक्ष तक्रार मागे घेतील. अध्यक्षही तयार झाले. कागदावर काहीही करणाऱ्या त्या माणसाला बेलाला नाही म्हणायची हिंमत नव्हती. मग रीत अशी, की अप्पांनी उचलल्यावर ज्यानं उलट सांगितलं त्यालाही तेच ताट पुढे करायचं. म्हणजे मारोतीला, आणि मला.

मी देवळात खांबाला टेकून उभा होतो. पुजाऱ्यानं ताटात बेल आणि भंडारा ठेवला. अप्पा आले, पिंडीला वाकून नमस्कार केला, ताटाकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. फार वेळ नाही. वर्गात हजेरी घेताना पाहत तेवढंच.

‘मी आजवर शपथ घेतली न्हाई,’ ते म्हणाले. ‘काय झालं ते मी सांगून बसलोय. त्याच्यावर अजून काय ठेवू?’

‘अप्पा, नुसता हात लावा की,’ एक म्हातारा काकुळतीनं म्हणाला. ‘तुमचं आयुष्य जायलंय.’

‘जाऊ द्या,’ म्हणून ते पायऱ्या उतरले.

‘म्हंजे ढकललंच की,’ मागून कुणीतरी म्हणालं. मला सुटल्यासारखं वाटलं. त्या सुटकेखाली दुसरं काही असेल तर ते तेव्हा हाताला लागलं नाही.

अप्पांची नोकरी गेली, पेन्शन गेली. ते उदगीरला गेले आणि शिकवण्या घेऊ लागले. मी कायम झालो. पुष्कळ दिवसांनी एकदा त्यांच्या घरी गेलो. ओसरीवर ते पोरांच्या वह्या तपासत होते.

‘या, लहान मास्तर. कायम झालात म्हणं.’

‘हाव.’ मग मी उभ्या उभ्याच म्हणालो, ‘अप्पा, मी खोटं लिहून दिलं.’

‘ठाऊक हाय की. मी तिथंच होतो.’ त्यांनी पेन्सिल कानाला लावली. ‘हे मला सांगून काय उपयोग? मला म्हाईतच हाय. ज्याला म्हाईत न्हाई त्याला सांगा.’

मला वाटलं होतं, ते चिडतील किंवा माफ करतील. त्यांनी मला जेवायला बसवलं. त्यांची मुलगी वाढत होती. तिचं ठरलेलं लग्न दोनदा मोडलं होतं. ‘बाप शिपायाला मारणारा’ असं सांगितलं जायचं. अप्पा हात धुवायला परसात गेले तेव्हा ती हळूच म्हणाली, ‘सर, तुमी होता न्हवं तिथं? अप्पानं त्या मारोतीला ढकलायला नको होतं. ढकललं नसतं तर बेल उचलला असता. मी कितीदा विचारलं, ते नुसतं न्हाई म्हणतात.’

मी म्हणालो, ‘आमटी जरा वाढा.’ तिनं वाढली.

अप्पा पुढच्या उन्हाळ्यात वारले. मी गेलो नाही. पुढे मी त्याच शाळेचा मुख्याध्यापक झालो, अध्यक्षही गेले. आता शाळेची स्मरणिका निघते आहे आणि मंडळींनी मला सांगितलं आहे की डिक्शनरी अप्पांवर एक हलकंफुलकं लिहा, ते शब्दांचे किस्से वगैरे. किस्से वर दिले आहेत. बाकीचं हे आहे, की कुलूप कुणी तोडलं नाही, किल्ली मी दिली. आणि मारोतीला कुणी ढकललं नाही. मंडळींना छापायचं नसेल तर त्यांनी छापू नये.

त्यांची मुलगी आता देगलूरला असते, असं कळलं. हा कागद तिला पाठवता आला असता. पण कागद मी एकदा दिलेला आहे. उद्या सकाळच्या गाडीनं निघतो आहे. तिच्यासमोर बसून, तोंडानं सांगणार आहे.